काँग्रेस गवत : एका नावाचा आणि एका खाजेचा इतिहास

१/
‘काँग्रेस गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं.’ हे वाक्य आपण शाळेत ऐकले, पारावर ऐकले, कृषिविषयक पुस्तिकांतही वाचले. ते कितपत खरे आहे? तारखांशी ताडून पाहिल्यास त्यातले किती उरते? आणि ही गोष्ट सांगताना आपण कोणाला विसरलो? आजचा धागा या तीन प्रश्नांविषयी आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
माझे गाव म्हसवड, तालुका माण, जिल्हा सातारा. पर्जन्यछायेतला हा मुलूख. पूर्वेला काही मैलांवर सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका लागतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळे हा प्रदेश मराठी वाचकाला ठाऊक झाला. ते पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले. त्या वर्षापर्यंत पुण्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नोंदींतही काँग्रेस गवत नव्हते. आज ते माणगंगेच्या कोरड्या पात्रात, राजेवाडी तलावाच्या काठाने, सिद्धनाथाच्या रथाच्या वाटेवर, सगळीकडे आहे.

३/
लहानपणी आजीबरोबर भांगलणीला गेलो की ती प्रथम बांधाकडे बोट दाखवी. ‘त्या काँग्रेसला हात लावू नगंस, खाज सुटंल.’ ती स्वतः मात्र ते उपटत असे, उघड्या हातांनी. तिच्या मानेवरची आणि कोपराच्या लवणीतली कातडी काळवंडून जाड झाली होती. आम्ही सगळे ते उन्हाचे काम समजत होतो. ती गेल्यानंतर काही वर्षांनी मी या वनस्पतीविषयी वाचू लागलो, तेव्हा तिच्या कातडीचे वर्णन मला छापील शब्दांत सापडले.

४/
प्रथम ओळख करून घेऊ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे गवतच नव्हे. हरळी, कुसळी, पवन्या ही खरी गवते. काँग्रेस गवत सूर्यफुलाच्या कुळातले आहे. शेतात नको असलेल्या कोणत्याही रोपाला आपण ‘गवत’ म्हणतो, त्या अर्थाने ते गवत. पाने गाजराच्या पाल्यासारखी, म्हणून ‘गाजर गवत’. हिरव्या झुपक्यावर चांदण्यांसारखी बारीक पांढरी फुले, म्हणून ‘चटक चांदणी’. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

५/
हे नाव लिनियसने १७५३ साली दिले. वनस्पतीचे मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा अमेरिकेचा प्रदेश. तिचे दोन मुख्य प्रकार मानले जातात : दक्षिण अमेरिकेतला पिवळसर फुलांचा आणि उत्तर अमेरिकेतला पांढऱ्या फुलांचा. जगभर पसरला तो पांढरा, उत्तर अमेरिकी प्रकार. आपल्या बांधावर उभा आहे तोही हाच. एक रोप दहा-पंधरा हजार बिया सहज देते, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते, आणि त्याच्या बिया मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

६/
आता लोककथेकडे वळू. कथा अशी : स्वातंत्र्यानंतर धान्याचा तुटवडा होता, काँग्रेस सरकारने अमेरिकेकडून ‘पीएल-४८०’ योजनेखाली गहू आणला, त्या गव्हात या तणाच्या बिया होत्या, म्हणून नाव पडले ‘काँग्रेस गवत’. नावाचा दुसराही एक उलगडा सांगतात : पांढऱ्या फुलांचा झुपका दुरून खादीच्या पांढऱ्या टोप्यांच्या गर्दीसारखा दिसतो. दोन्ही उलगडे चटकन पटतात. म्हणूनच ते तपासले पाहिजेत.

७/
पीएल-४८० म्हणजे अमेरिकेचा ‘सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०’. अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यावर १० जुलै १९५४ रोजी सही केली. अमेरिकेत धान्याचे अतिरिक्त साठे पडून होते. ते मित्रराष्ट्रांना डॉलरऐवजी त्यांच्याच चलनात विकण्याची सोय या कायद्याने केली. भारताने या कायद्याखाली पहिला करार केला तो २९ ऑगस्ट १९५६ रोजी. ही तारीख लक्षात ठेवावी.

८/
आता दुसरी तारीख. पुण्यात हे रोप १९५५ साली नजरेस आले आणि रोल्ला शेषगिरी राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली ते ‘भारतासाठी नवी नोंद’ म्हणून प्रसिद्ध केले. त्याही आधी, १९५१ साली, पुण्यातल्या उकिरड्यांवर प्रा. परांजपे यांना याची तुरळक रोपे दिसल्याचा उल्लेख नंतरच्या संशोधकांनी केला आहे. म्हणजे पहिला करार होण्यापूर्वीच रोप पुण्यात उगवले होते. करार १९५६ चा आणि रोप १९५१ किंवा १९५५ चे. पाहुणा आमंत्रणाच्या आधीच घरात येऊन बसला होता.

९/
मग अमेरिकी गहू निर्दोष ठरतो काय? इतक्या घाईने नाही. १९५० साली देशात धान्याची स्थिती बिकट होती. भारताच्या विनंतीवरून अमेरिकी संसदेने जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि त्यातून सुमारे २० लाख टन धान्य येण्याची सोय झाली. म्हणजे पीएल-४८० नव्हते, तरी अमेरिकी गहू येतच होता. लोकस्मृतीने कायद्याचे नाव चुकवले असेल, गव्हाचे चुकवलेच असेल असे म्हणता येत नाही.

१०/
खरी गुंतागुंत यापुढे आहे. बिहारमधल्या आरा येथे १८१० साली गोळा केलेला या वनस्पतीचा नमुना उपलब्ध असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातल्या झाडांची जी यादी विल्यम रॉक्सबर्गच्या नावाने १८१४ साली छापली गेली, तिच्यातही हे नाव येते. डेहराडूनच्या वनसंग्रहात १८८० चा नमुना आहे. तेव्हा ‘भारतासाठी नवी नोंद’ हे १९५६ चे विधानसुद्धा आज टिकत नाही. हे रोप पेशवाईच्या अखेरच्या दशकातही भारतात कुठेतरी उगवत होते.

११/
मग जवळजवळ दीडशे वर्षे ते गप्प कसे राहिले? परकी वनस्पतींच्या बाबतीत असे अनेकदा घडते. रोप येते, बागेत किंवा एखाद्या कोपऱ्यात तग धरून राहते, आणि परिस्थिती अनुकूल झाली की एकदम फैलावते. १९५० नंतरची अनुकूल परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे : धान्याची लांब पल्ल्याची वाहतूक, नवे रस्ते, कालवे, बांधकामासाठी उघडी पडलेली जमीन, वाढती शहरे. शिवाय पुण्यातले रोप जुन्या रोपांचे वंशज असेलच असे नाही. एकच जात दोन वेळा, दोन वाटांनी येऊ शकते.

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे तीन विधाने वेगळी करावीत. ‘हे रोप पीएल-४८० च्या गव्हाबरोबर भारतात प्रथम आले’ हे तारखांत बसत नाही. ‘पुण्यातला प्रादुर्भाव आयात धान्यातून सुरू झाला’ हे शक्य आहे, उकिरड्यावरची पहिली नोंद त्याला पोषकही आहे. ‘नंतरच्या धान्याबरोबर आणखी बिया येत राहिल्या’ हेही शक्य आहे. लोककथेत ही तीन विधाने एकाच वाक्यात गुंफली गेली आणि सर्वांत कच्चे विधान सर्वांत पुढे आले.

१३/
पण चुकीची गोष्टही फुकट जात नाही. ती कशाची आठवण धरून आहे ते पाहावे. मे १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला करार केला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. १९६५-६६ च्या दुष्काळांत ही परावलंबिता शिगेला पोहोचली आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची दोरी आखडून धरली. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची चव आमच्याकडचे म्हातारे अजून सांगतात, आणि सांगताना तोंड वाकडे करतात.

१४/
म्हणजे ज्या काळात दुसऱ्याच्या धान्यावर जगावे लागल्याची बोच ताजी होती, त्याच काळात हे तण रानोमाळ पसरले. लोकांनी दोन्ही गोष्टी एका नावात बांधल्या. ‘काँग्रेस गवत’ या नावात वनस्पतीच्या प्रवासाचा पुरावा शोधू नये. परावलंबनाविषयी लोकांना काय वाटले, याचा पुरावा म्हणून मात्र ते नाव अस्सल आहे. कोणत्या पक्षाला दोष द्यावा, हा या धाग्याचा विषय नव्हे.

१५/
असे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हे तण १९६० च्या सुमारास टेक्ससहून आणलेल्या चाऱ्याच्या गवतबियाण्यातून शिरले असे मानतात. इथिओपियात ते दुष्काळी मदतीच्या धान्याबरोबर आल्याची कथा आहे आणि तिथेही ते मदतीच्या आधीच दिसल्याचे काही संशोधक सांगतात. पूर्व इथिओपियातले त्याचे एक नाव आहे ‘फारामसिसा’. अर्थ असा : सही कर आणि जमीन सोडून जा. तिथल्या शेतकऱ्याने आपला तोटा थेट नावात घातला.

१६/
आपल्या नावात मात्र गहू आला, सरकार आले, टोपी आली. खाज आली नाही. शेतात उतरणाऱ्या माणसाला या तणाची ओळख खाजेने होते, तरी तिचा इतिहास आपण सांगत नाही. धाग्याचा उरलेला भाग तिच्याविषयी.

१७/
परागकण माणसाला आजारी पाडतात, हे ज्ञान फार जुने नाही. लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी १८१९ साली उन्हाळ्यातल्या शिंका आणि डोळ्यांच्या जळजळीचे वर्णन केले. रुग्ण ते स्वतःच होते. दोष त्यांनी उन्हाला दिला. १८७२ साली अमेरिकेत मॉरिल वायमन यांनी शरद ऋतूतल्या शिंकांचा संबंध ‘रॅगवीड’ या रानटी रोपाशी जोडला आणि १८७३ साली मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून गवताच्या परागाचा दोष सिद्ध केला. उन्हावरचा आळ काढायला अर्धशतक लागले. आमच्या घरात तो त्याहून जास्त काळ टिकला.

१८/
रॅगवीड आणि काँग्रेस गवत एकाच कुळातली, जवळची नातलग. १९९० च्या दशकाच्या आरंभी बंगळूरमधल्या संशोधकांनी दाखवले की, काँग्रेस गवताच्या परागाने नाक वाहणे, शिंका, दमा असे त्रास होतात आणि रॅगवीडच्या परागाशी त्याचे प्रथिन-साधर्म्यही आहे. उत्तर अमेरिकेत एका रोपामुळे जे घडत होते, ते त्याच्या चुलतभावामुळे दख्खनच्या पठारावर घडू लागले.

१९/
त्वचेची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा आरंभ पुन्हा पुण्यातच होतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ लोणकर यांनी या रोपामुळे होणाऱ्या त्वचादाहाच्या नोंदी केल्या. १९७४ साली लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांचा निबंध लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुण्यातली ही साथ जगाला कळली. रोपाची पहिली ठळक नोंद पुण्याची आणि रोगाचीही पुण्याचीच. मधल्या काळात शेतकऱ्यांनी काय सोसले, त्याची नोंद मला कुठे दिसली नाही.

२०/
दोन त्रासांची यंत्रणा निरनिराळी. परागाने शिंका येतात त्या काही मिनिटांत. त्वचेचा दाह सावकाश येतो. रोपाच्या अंगावर बारीक लव असते, तिच्यात ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते. वर्षानुवर्षे संपर्क घडला की शरीराच्या पेशी त्याला शत्रू म्हणून ओळखू लागतात. त्यानंतर हात लावण्याचीही गरज उरत नाही. वाळलेल्या रोपाचा भुगा वाऱ्याने उडतो आणि पापण्या, मान, कोपराची व गुडघ्यामागची लवण येथे बसतो. कातडी लाल होते, पाझरते, पुढे जाड आणि काळी पडते. आजीच्या मानेवर मी पाहिलेली हीच का, असे मला हे वाचताना वाटत राहिले.

२१/
आता पुराव्याचा प्रश्न. त्या काळच्या वैद्यकीय निबंधांत रुग्ण बहुतांशी प्रौढ पुरुष आहेत. स्त्रिया फार थोड्या. डॉक्टरांनी याची कारणेही सुचवली : पुरुष उघड्यावर अधिक वावरतात, स्त्रियांचे अंग कपड्यांनी अधिक झाकलेले असते. ही कारणे खरी असू शकतात, ती खोडून काढण्याचे शास्त्र माझ्याकडे नाही.

२२/
पण आमच्याकडे भांगलण स्त्रिया करतात. वाकून, उघड्या हातांनी, तोंड रोपांच्या पातळीवर ठेवून. मग त्या यादीत का नाहीत? दवाखान्याची यादी म्हणजे आजारी पडलेल्यांची यादी नव्हे, दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांची यादी आहे. माणमधून पुण्याला जायचे तर एसटीचे भाडे आणि निदान एका दिवसाची बुडालेली मजुरी. मानेवरच्या खाजेसाठी तेवढा खर्च घरातल्या कोणत्या माणसावर झाला असता, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते आठवून पाहावे.

२३/
सरकारने काय केले? कर्नाटकाने १९७५ साली हे तण कायद्याने उपद्रवी ठरवले आणि आपल्या जमिनीतून ते काढण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली. पण तण रस्त्याकडेचे, रेल्वेच्या कडेचे, गायरानातले. त्याचा धारक कोण? आणि धारक सापडला तरी उपटणार कोण? कायद्यात जमीन आली. उपटणाऱ्या हातांविषयी, हातमोज्यांविषयी बोलणे पुढे कितीतरी वर्षांनी सुरू झाले.

२४/
मग कीटक आणला. १९८३ साली मेक्सिकोहून ‘झायगोग्रामा’ हा भुंगेरा बंगळूरला आणला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला. तो काँग्रेस गवताची पाने फस्त करतो. काही वर्षांत तो सूर्यफुलावर दिसला आणि एकच गदारोळ झाला. तपासाअंती निघाले ते रंजक आहे : काँग्रेस गवताचा पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडलेला असला की भुंगेरा फसून ती पाने कुरतडतो. पराग येथेही कारण ठरला. भुंगेरा निर्दोष सुटला, पण कोरड्या महिन्यांत तो मातीत झोपी जातो.

२५/
माणदेशात महिने कोरडेच जास्त. दुष्काळात माळ उघडा पडतो, मेंढरे कुसळीच्या मुळापर्यंत चरतात, पण काँग्रेसला सहसा तोंड लावत नाहीत. पहिला बरा पाऊस झाला की मोकळ्या जमिनीवर आधी हेच उगवते. ज्याने धनगराच्या मेंढराचा चारा जातो, त्यानेच भांगलणाऱ्या बाईची कातडी जाते. इथिओपियातल्या शेतकऱ्याने नावात घातलेला अर्थ येथेही लागू पडतो, आपण तो शब्दांत मांडला नाही इतकेच.

२६/
उपाय साधे आहेत, पण चिकाटीचे. फुलावर येण्यापूर्वी, ओल असताना, मुळासकट उपटणे. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्या, नाकातोंडावर फडके. मोकळ्या जागी टाकळा वाढू दिला तर तो याला मागे सारतो. ज्याला एकदा त्रास झाला आहे, त्याला या कामाला लावू नये. ऑगस्टमध्ये १६ ते २२ या तारखांना देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळतात. त्या आठवड्यात आपल्या शाळेच्या मैदानावर ‘श्रमदान’ ठरले, तर आधी मोजे मागा.

२७/
थोडक्यात सांगायचे तर पीएल-४८० ची गोष्ट जशीच्या तशी खरी नाही, पण तिच्यातली सल खरी आहे. त्या सलेला नाव मिळाले, ते घरोघर पोहोचले. खाजेला नाव मिळाले नाही, ती उन्हाच्या खात्यावर जमा झाली. पहिल्या गोष्टीचे पुरावे ग्रंथालयांत आहेत. दुसरीचे पुरावे अजून आपल्या घरांत, बोलू शकणाऱ्या माणसांपाशी आहेत.

२८/
म्हणून एक विनंती. या दिवाळीत घरी गेलात की आजीला, मावशीला, शेजारच्या काकूला विचारा : हे गवत गावात पहिल्यांदा कधी पाहिले? त्याला काय म्हणत? अंगावर काय उठले, आणि त्यावर काय लावले? उत्तर त्यांच्याच शब्दांत, गावाच्या नावासह आणि साधारण सालासह लिहून ठेवा. मला माझ्या आजीला हे विचारता आले नाही. खाली लिहिलेत तर माण, खटाव, आटपाडी, जतपासून सुरुवात करून आपण एक यादी करू.